हिवरदरा वस्तीवरचा शपथविधी

हिवरदरा वस्तीच्या शाळेत एक गुरुजी, एक स्वयंपाकीण, दोन मुलं आणि सत्तावीस रजिस्टरं होती. माण तालुक्यात दहिवडीपासून आत, जिथं डांबर संपतं आणि त्यानंतर खडीही संपते, तिथं ही शाळा. गुरुजींचं नाव कृष्णात. मूळचे उंब्रजचे. हायवेवर वाढलेला माणूस, त्यामुळं पहिले सहा महिने त्यांना शांततेमुळं झोप लागत नव्हती. आता चार वर्षं झाली होती आणि उंब्रजला गेलं की ट्रकांमुळं झोप लागत नव्हती.

दरवर्षी जुलैत शाळेचं मंत्रिमंडळ बनायचं. मुख्यमंत्री, पाणीमंत्री, स्वच्छतामंत्री, खिचडीमंत्री. गेल्या साली सात मुलं होती आणि सातही मंत्री होती. राज्यात जनताच नव्हती, त्यामुळं तक्रारीही नव्हत्या. त्या सातातली तीन चौथी होऊन दहिवडीच्या हायस्कुलात गेली, दोन बापामागं मुंबईला गेली. उरले पप्पू आणि सृष्टी. दोघंही तिसरीत. पप्पू स्वयंपाकीण हरणाबाईंचा नातू. सृष्टी मेंढरंवाल्या नानासो गोरडांची लेक.

माणसं दोन असली म्हणून लोकशाही सोडता येत नाही. गुरुजींनी मतदान घेतलं. खोक्याला भोक पाडलं, बोटाला शाई लावली. पहिल्या फेरीत पप्पूला एक मत, सृष्टीला एक. दुसऱ्या फेरीत तेच. तिसऱ्या फेरीच्या वेळी हरणाबाईंनी खिचडीचं झाकण काढलं, वास वर्गात आला आणि सृष्टी दोन विरुद्ध शून्य अशी निवडून आली.

मतदान गुप्त होतं. पण दोनातल्या एका चिठ्ठीवर ‘श्रुश्टी’ लिहिलं होतं आणि स्वतःचं नाव ती तरी तसं लिहीत नव्हती.

“तू मला दिलंस?” तिनं विचारलं.

“भूक लागल्याली,” पप्पू म्हणाला. “मी इरोधी पक्षनेता हुतो. त्येला काम कमी असतं.”

सृष्टी निकाल लागल्या लागल्या घंटा वाजवायला निघाली. घंटा म्हणजे लिंबाच्या झाडाला टांगलेला रुळाचा तुकडा. ती वाजवायचा मान मुख्यमंत्र्याचा. गुरुजींनी तिला दारातच अडवलं.

“थांब गं. अजून शपथविधी व्हायचाय.”

“त्यो कशाला? मी तर आल्ये निवडून.”

आता इथं गुरुजींनी नुसतं ‘असतो तसा’ म्हटलं असतं तर पुढचं बरंच टळलं असतं. पण ते हाडाचे शिक्षक. त्यांनी फळा पुसला आणि वर मोठ्या अक्षरांत ‘शपथविधी’ लिहिलं.

“हे बघा. निवडून आलेला माणूस म्हणजे नुसता निवडून आलेला माणूस. तो अजून कुणी झालेला नसतो. चार माणसांसमोर उभं राहून, मी अमुक अमुक काम करीन असं तोंडानं म्हणायचं. ते म्हणून झालं की मग तो झाला. त्या म्हणण्याला शपथविधी म्हणायचं.”

“आन तुमी गुर्जी झाला तवा?” पप्पूनं विचारलं.

“मी रुजू झालो. सही केली. शपथ मंत्र्यांची असते. साहेबलोक पदभार घेतात. सरपंचाचं पदग्रहण असतं.”

दाराशी हरणाबाई हात पुसत उभ्या होत्या. “आन सैपाकणीचं काय असतंय वो?”

हरणाबाईच म्हणाल्या, “मला सासूनं पळी दिली हातात आन भितीला टेकून बसली, ती मरस्तवर. म्हाजं तेवढंच झालं.”

“पण गुर्जी,” सृष्टीचं आपलं एकच, “एकट्यानं म्हनलं तर चालत न्हाई?”

“नाही. ऐकणारी माणसं लागतात. त्यांच्यासमोर म्हटलं की मग ते मोडता येत नाही.”

ही गोष्ट सृष्टीनं फार मनावर घेतली. त्या दिवसापासून ती घंटेला शिवली नाही. पाण्याचा हंडा उघडा दिसला तरी पप्पूला झाकायला सांगेना. “मी अजून झाल्ये न्हाई,” म्हणायची. पप्पूही कायद्याला पक्का. त्याला एखादी गोष्ट पटली नाही, म्हणजे पाढे, की तो तोंड उघडायचा आणि मिटायचा. “शपथ झाल्यावर इरोध करतो. आत्ता कशाला दमू?”

शपथविधी येत्या शनिवारी ठरला. पण आपल्याकडं एक आहे. प्रमुख पाहुण्याशिवाय कार्यक्रम होत नाही. नारळ, शाल, कुंकू सगळं असलं आणि ते स्वीकारायला पाहुणा नसला, तर तो कार्यक्रम नव्हे, ती नुसती पूजा. गुरुजींनी केंद्रप्रमुख फडतरे साहेबांना फोन लावला. हा फोन लावायला लिंबामागच्या टेकाडावर चढावं लागायचं, कारण रेंज तिथंच यायची आणि तीही वारा बघून.

फडतरे साहेबच का, याला कारण होतं. कमी पटाच्या शाळांची यादी निघाली आहे असं गुरुजींच्या कानावर होतं. या यादीत हिवरदरा कितव्या नंबरला असणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. गुरुजींचा हिशेब साधा होता. साहेबांनी एकदा ही दोन पोरं बिल्ले लावून, ताठ उभी राहून शपथ घेताना बघितली की त्यांच्या हातून शाळा बंद होणार नाही. दगडाला पाझर फुटतो, साहेब तर माणूस होता.

पहिल्या शनिवारी साहेबांना मीटिंग लागली. दुसऱ्या शनिवारी त्या मीटिंगचा आढावा घ्यायची मीटिंग लागली. पोरं दोन्ही शनिवारी तेल लावून, भांग पाडून आली आणि तशीच घरी गेली. गुरुजींनी तेलाच्या डब्याच्या खोक्याचा पुठ्ठा कापून बिल्ले केले होते. एकावर ‘मुख्यमंत्री – सृष्टी’, दुसऱ्यावर ‘विरोधी पक्षनेता – पप्पू’. पप्पूनं विचारलं, “निस्तं लावून बघू का?”

“शपथ झाल्यावर,” गुरुजी म्हणाले आणि बिल्ले ड्रॉवरमध्ये ठेवले.

तिसऱ्या शनिवारी साहेब म्हणाले, पुढच्या आठवड्यात नक्की.

रविवारी पप्पूचा बाप मुंबईहून आला. कोपरखैरण्याला खोली मिळाली होती. पप्पूची आई, पप्पू, दोन पिशव्या आणि एक कोंबडी एवढं घेऊन तो दुपारच्या एस्टीनं निघून गेला. हरणाबाईंना चल म्हणाला होता. त्या म्हणाल्या, शाळंचा सैपाक कोन करंल?

सोमवारी गुरुजी गाडी लावत होते तेव्हा सृष्टी पायरीवर बसली होती.

“गुर्जी,” ती म्हणाली, “इरोधी पक्ष मुंबईला गेला.”

गुरुजींना हसू आलं आणि ते अर्ध्यावरच थांबलं. कारण पोरगी विनोद करत नव्हती. ती अहवाल देत होती.

“एकदाबी इरोध न करता गेला,” ती म्हणाली.

त्या दिवशी हरणाबाईंनी दोन ताटल्या वाढल्या. दुसरी कुणी उचलली नाही. मंगळवारीही दोन वाढल्या. बुधवारी गुरुजींनी दुसरी ताटली स्वतः ओढून घेतली आणि जेवले. पुढं ते रोजचंच झालं.

आठ दिवसांनी पप्पूच्या बापाचा फोन आला, शाळेचा दाखला पाठवा. गुरुजींनी दाखला लिहायला घेतला. शाळा सोडण्याचं कारण – पालकांचे स्थलांतर. वर्तणूक – चांगली. खाली शेऱ्याचा रकाना होता. तिथं ‘विरोधी पक्षनेता (निर्वाचित)’ असं लिहावं असं त्यांना फार वाटलं. सरकारी कागद होता. त्यांनी आडवी रेघ मारली. ड्रॉवर उघडून शिक्का काढताना पुठ्ठ्याचे दोन बिल्ले हाताला लागले, तेव्हा त्यांना पहिल्यांदा नीट कळलं, की आपण एका पोराला तीन आठवडे एका पाहुण्यासाठी थांबवलं होतं. पहिल्याच शनिवारी, हंड्यासमोर उभं करून दिली असती शपथ, तर काय आभाळ पडणार होतं? पण नाही. पाहुणा पाहिजे होता.

“सृष्टी,” त्यांनी हाक मारली. “ये, तुझी शपथ उरकून घेऊ. आत्ता.”

“ऐकाय कोन हाय?”

“मी आहे, हरणाबाई आहेत.”

“तुमी शपत देनारं. सांगनारं आन ऐकनारं एकच कसं?” ती म्हणाली. “आन पाव्हनं येनारेत न्हवं? तुमीच म्हनला.”

स्वतःच फळ्यावर लिहून शिकवलेलं होतं. आता गिळायचीही सोय नव्हती.

पुढच्या गुरुवारी, कसलाही निरोप नसताना, ओढ्यापलीकडं धुरळा उठला. मोटारसायकल होती. फडतरे साहेब. डोक्यावर हेल्मेट, गळ्यात काळी बॅग.

सृष्टीनं खिडकीतून बघितलं आणि किंचाळली, “गुर्जी! पाव्हनं आलं!”

मग त्या पोरीनं जे केलं ते तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. लोखंडी पेटीतून शाल काढली, नारळ काढला. नारळ तीन-चार आठवड्यांचा, आत खुळखुळ वाजत होता. शाळेतली एकुलती एक खुर्ची पुसून लिंबाखाली नेली. हरणाबाईंनी चुलीपुढूनच हात लांबवून कण्हेरीची चार फुलं तोडली. साहेबांनी हेल्मेट काढलं आणि “गुरुजी, मी जरा…” एवढं म्हणेपर्यंत त्यांच्या कपाळाला कुंकू लागलं होतं.

कपाळाला कुंकू लागलेल्या माणसाला वाईट बातमी सांगता येत नाही. तशी पद्धत नाही. साहेब खुर्चीवर बसले. अंगावर शाल आली. मांडीवर नारळ आला. उन्हातून आलेला तो पन्नाशीचा माणूस शाल पांघरून घामाघूम बसला आणि केविलवाण्या नजरेनं गुरुजींकडं बघू लागला.

“अहो, मी वेगळ्या कामाला आलोय,” ते हळूच म्हणाले. बॅगेच्या उघड्या तोंडातून एक पाकीट डोकावत होतं.

गुरुजींनी पाकीट बघितलं. शिक्काही बघितला. ते नमस्कारासाठी जोडलेले हात तसेच ठेवून म्हणाले, “कळलं साहेब. दहा मिनिटं द्या. पोरगी पाच आठवडे थांबलीय.”

साहेबांनी बॅगेची चेन लावली.

सृष्टी खुर्चीपुढं येऊन उभी राहिली. वेणीला तेल नव्हतं, कारण गुरुवार होता. उजवा हात पुढं केला आणि पाठ केलेली शपथ म्हणू लागली. अगदी पुस्तकी बोलीत, कारण शपथ घरच्या बोलीत घेतली तर लागत नाही अशी तिची समजूत होती.

“मी, सृष्टी नानासो गोरड, शपथ घेते की, मी शाळा वेळेवर भरवीन. पाण्याचा हंडा झाकून ठेवीन. लहान मुलांना मारणार नाही. आणि जो कुणी गैरहजर राहील, त्याच्या घरी जाऊन…”

ती थांबली.

लिंबावरनं एक पान खाली आलं. साहेबांच्या मांडीवर नारळ खुळखुळला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरून ठेवला.

“गुर्जी, कोपरखैरनं किती लांब हाय?”

“लांब आहे बाळा.”

“चालत?”

“चालत नाही जमत.”

“मंग ह्ये कसं म्हनू? खोटी शपथ हुईल.”

“तेवढं वाक्य सोडून दे,” साहेब मऊ आवाजात म्हणाले. “चालतं. आम्ही पण सोडतो काही काही.”

सृष्टीनं त्यांच्याकडं असं बघितलं, की साहेबपणाच्या बारा वर्षांत त्यांच्याकडं तसं कुणी बघितलं नव्हतं. मग तिनं ओढ्यापलीकडं, रस्ता जिथं वळतो तिकडं तोंड केलं आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाली, “त्याच्या घरी जाऊन, त्याला बोलावून आणीन.”

गुरुजींनी बिल्ला तिच्या फ्रॉकला लावला. टाचणी लागायला नेहमीपेक्षा वेळ लागला, कारण त्यांना ती नीट दिसत नव्हती. हरणाबाईंनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनीही वाजवल्या, पण नारळ सांभाळून.

“आता साहेब दोन शब्द…” गुरुजी सवयीनं म्हणाले आणि जीभ चावली.

“थांबा,” मुख्यमंत्री म्हणाल्या. “इरोधी पक्षनेता ऱ्हायला.”

तिनं दुसरा बिल्ला घेतला आणि हरणाबाईंसमोर जाऊन उभी राहिली.

“आगं, मी काय शिकल्याली न्हाई,” हरणाबाई मागं सरकल्या. “मला काय येतंय इरोध करायला?”

“सोपं असतंय आज्जी. येक जन म्हनला करायचं, की तुमी न्हाई म्हनायचं. तेवढंच.”

“कवा म्हनायचं?”

“तुमाला पटंना तवा.”

हरणाबाईंनी बिल्ला हातात घेतला. अक्षरओळख नव्हती. तरी त्यांनी दुसऱ्या ओळीवर अंगठा फिरवला.

“हितं त्येचं नाव हाय न्हवं?”

“व्हय,” गुरुजी म्हणाले.

“मंग लावा.” त्यांनी पदर पुढं केला. मग हात पुढं केला, सृष्टीनं केला होता तसाच, आणि कुणी सांगायची वाट न बघता म्हणाल्या, “मी, हरनाबाई. शपत घेत्ये. पप्पू येस्तवर न्हाई म्हनीन.”

एवढीच शपथ. पण चार माणसांसमोर झाली होती. त्यामुळं ती झाली.

आता साहेबांना उठावंच लागलं. दोन शब्द बोलायची वेळ होती. त्यांनी शाल नीट केली, नारळ खुर्चीवर ठेवला, घसा खाकरला. तीस गावं फिरून भाषणं केलेला माणूस, ‘आजचा हा सोहळा’ एवढं म्हणाला आणि अडकला. मग त्यांनी बॅगेची चेन उघडली. पाकीट काढलं. कागद उलगडला.

कागदात ‘बंद’ हा शब्द कुठंच नव्हता. सरकारी कागद फार सभ्य असतो. ‘समायोजन’ होतं, ‘विद्यार्थीहित’ होतं, ‘नजीकची शाळा’ होतं. नजीकची शाळा म्हणजे चार किलोमीटर, मध्ये ओढा. येत्या सोमवारपासून. शिक्षकांनी कार्यभार हस्तांतरित करावा. साहेबांनी सगळं एका दमात वाचलं आणि कुणाकडंही बघितलं नाही.

सृष्टीला सगळे शब्द कळले नसावेत. सोमवार तेवढा कळला.

“म्हंजी साळा न्हाई भरनार?”

“तुला तिकडच्या शाळेत घालतील. मोठी शाळा आहे. तीस मुलं आहेत,” साहेब म्हणाले.

“आबा म्हनलं हुतं,” ती गुरुजींना म्हणाली, “ही साळा ग्येली की वढा वलांडून येकटीला धाडनार न्हाई. दिवाळी झाली की मेंढरांमागं. खाली, सांगलीकडं, किस्नाकाठाला.” हेही तिनं अहवाल दिल्यासारखंच सांगितलं.

गुरुजींनी तोंड उघडलं. नानासोंना मी समजावतो, गाडीवर मी नेईन रोज, असं काहीतरी म्हणायचं होतं. पण त्यांची स्वतःची नेमणूक आता कुठं होणार हे त्यांनाच ठाऊक नव्हतं आणि आज इथं, लिंबाखाली, मोडता न येणारं बोलायचा दिवस होता. त्यांनी तोंड मिटलं. मिटताना त्यांना पप्पू आठवला.

“न्हाई,” हरणाबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी वळून बघितलं. त्या पदर सावरून, बिल्ल्यावर हात ठेवून ताठ उभ्या होत्या.

“काय म्हणालात मावशी?”

“न्हाई म्हनले,” त्या म्हणाल्या. “मला पटंना.”

“अहो, हा वरनं आलेला आदेश आहे. माझ्या हातात…”

“तुमी वाचलं न्हवं? आता मी न्हाई म्हनायचं. तसंच हाय त्ये.”

साहेबांच्या कपाळावरचं कुंकू घामानं नाकापर्यंत आलं होतं.

“गुर्जी,” मुख्यमंत्री म्हणाल्या, “नोंद घ्या.”

गुरुजी आत गेले. सत्तावीस रजिस्टरांमधून मंत्रिमंडळ सभेचं रजिस्टर काढलं, धूळ झटकली, आजची तारीख टाकली आणि लिहिलं : ‘विषय क्र. १ – शाळेचे समायोजन. विरोधी पक्षनेत्यांनी विरोध नोंदवला.’ खाली सृष्टीनं सही केली. हरणाबाईंनी अंगठा लावला. साहेबांपुढं रजिस्टर आलं तेव्हा त्यांनी पेन हातात घेऊन बराच वेळ घेतला आणि ‘समक्ष’ असं लिहून सही केली. मग त्यांनी आपला कागद पुढं केला. गुरुजींनी त्यावर ‘मिळाला’ लिहून सही केली. दोन्ही बाजूंचं काम नियमाप्रमाणं झालं. सोमवारपासून शाळा नव्हती.

साहेबांनी शाल काढून घडी घातली आणि ती कुठं ठेवावी ते त्यांना कळेना. हरणाबाई चुलीकडं वळल्या. खिचडी लागली होती.

सृष्टी लिंबाखाली गेली. टाचा उंच केल्या. रुळाच्या तुकड्याशेजारी दोरीला अडकवलेला लोखंडी खिळा काढून हातात घेतला. पाच आठवड्यांत पहिल्यांदा. अधिकारानं. मग मागं वळून विचारलं,

“गुर्जी, भरायची वाजवू का सुटायची?”

घड्याळात साडेबारा वाजले होते. दोन्हींतलं काहीच त्या वेळेला बसत नव्हतं. गुरुजींनी साहेबांकडं बघितलं. साहेब जमिनीकडं बघत होते.

“भरायची,” गुरुजी म्हणाले.

तिनं वाजवली. भरायची घंटा लांब असते. ती टेकाडावर गेली, ओढ्यापलीकडं गेली, रस्ता वळतो तिथपर्यंत गेली असेल. भरायची घंटा झाली की रांगेत उभं राहायचं असतं, हे हाडात मुरलेलं. हरणाबाई चुलीपासून उठून आल्या, गुरुजी त्यांच्यामागं उभे राहिले आणि गुरुजींच्या मागं, शालीची घडी छातीशी धरून, फडतरे साहेब.

सृष्टीनं रांगेवरून नजर फिरवली. उंचीप्रमाणं बरोबर होती. पुढं एका मुलाएवढी जागा सोडलेली होती.

“सावधान,” ती म्हणाली.